भामेच्या कानातली तपकीर

सासरी आल्यावर मी मोठ्यानं पहिलं वाक्य बोलले ते एका मांजराशी. नातींना हे सांगितलं की त्या हसून लोळतात. हसा म्हणावं. तुम्हाला कुणी तोंड शिवून घरात फिरायला लावलेलं नाही.

वडगावात आम्हा विणकरांच्या घरी तेव्हा रीत अशी होती की सुनेनं थोरल्या सासऱ्याशी बोलायचं नाही, आणि धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी बोलायचं नाही. ते समोर आले की पदर हनुवटीपर्यंत ओढायचा आणि भिंतीला चिकटून पाल व्हायचं. आता आमच्या घरात माणसं कोण, तर मी, आमचे हे, सासूबाई आणि थोरले मामंजी, म्हणजे माझ्या वारलेल्या सासऱ्यांचे मोठे भाऊ. सासूबाई त्यांच्या भावजय, त्या बोलायच्या नाहीत. मी सून, मी बोलायची नाही. आमचे हे मुळातच कमी बोलत आणि मामंजींसमोर तर त्यांची जीभ टाळूला चिकटायची. त्यामुळे थोरले मामंजी घरात असले की ते एकटेच बोलत, तेही हवेशी.

"पाणी तापलं का?" ते न्हाणीघराच्या दिशेनं विचारायचे. मग सासूबाई चुलीपाशी तांब्या आपटायच्या. एकदा आपटला तर नाही, दोनदा आपटला तर हो. जेवायला वाढलं, पाहुणे आले, तेल संपलं, सगळं तांब्यावर. घरातल्या एकाही तांब्याचा काठ धड नव्हता.

मामंजींचं नाव भरमाप्पा. आज बिनधास्त लिहिते आहे, कारण आता मला रागवायला कुणी उरलेलं नाही. गल्ली त्यांना भरमू पैलवान म्हणायची. तरुणपणी आसपासच्या जत्रांतून कुस्त्या मारलेल्या, वय झाल्यावर लाल माती सोडून मागाच्या खड्ड्यात पाय सोडलेले. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. मिशा दोन्ही बाजूंना अशा की मागच्या बाजूनंही दिसाव्यात. आणि कान! तालमीत घासून घासून मोडलेले, सुकलेल्या अंजिरांसारखे दोन गोळे. मी पहिल्यांदा पदराच्या फटीतून पाहिले तेव्हा मला वाटलं, ह्यांनी कानात काहीतरी ठेवून दिलंय आणि काढायला विसरलेत.

रोज सकाळी मागावर बसण्याआधी ते मांडीवर शड्डू ठोकत. पहिल्या सकाळी तो आवाज ऐकून माझ्या हातातली कांड्यांची टोपली गेली खाली, आणि सूत भरलेल्या कांड्या गेल्या चारी दिशांना. मला कुणी सांगितलंच नव्हतं की हा माणूस लुगडंसुद्धा कुस्ती धरल्यासारखं विणतो. काम पुरं झालं की, समोरच्या गड्याला चीत केल्यासारखं, ते म्हणणार, "पाठ लागली!" भात शिजला का, असं विचारायचं झालं तर "भाताची पाठ लागली का?" शेजारच्या म्हाताऱ्याच्या मयताची बातमी आली तेव्हाही त्यांनी टोपी काढली आणि हळूच विचारलं, "पाठ लागली व्हय?"

आणि मी कोण? मी निपाणीची. वडील तंबाखूच्या वखारीत दिवाणजी, मी मराठी चौथी पास. माझं जग शेजारच्या कोगनोळीला सुरू व्हायचं आणि निपाणीत संपायचं. चौथी पास झालेल्या मुलीला विचारल्याशिवाय कुठल्याही घरात काही ठरू नये असं माझं प्रामाणिक मत होतं. वडगावात मला कुणी काही विचारत नव्हतं. गल्लीभर दिवसभर मागांची खटखट, त्यात मला ऐकायला कुणाला सवड!

मग ती भाकरी झाली. माझ्या हातची. मामंजींनी ती उचलली, ताटावर वाजवली आणि हवेला विचारलं, "ही भाकरी हाय का वीट?"

सासूबाईंचा हात तांब्याकडे गेला. पण एकदा आपटावा की दोनदा, हे त्यांनाही सुचेना. तेवढ्यात आमची मांजर चुलीपाशी आली. पिवळी-पांढरी, रुबाबदार, जरा काही बिनसलं की पाठ करून बसणारी. म्हणून मामंजींनी तिचं नाव सत्यभामा ठेवलेलं, बोलण्यात भामा. कुठून धीर आला कोण जाणे, मी पदराआडून तिला म्हणाले, अगदी चौथीच्या पुस्तकातल्या मराठीत, "भामाबाई, त्यांना सांगावे, निपाणीकडे भाकरी अशीच जाड करतात."

सासूबाईंनी तांब्या खाली ठेवला, तोही आवाज न करता. आमचे हे भाकरी चावायचे थांबले. मामंजींनी मांजराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "भामे, तिला सांग, मग निपाणीकडं दात लोखंडाचं असत्यात व्हय?"

रीत मोडली का? नाही मोडली. मी मांजराशी बोलले, ते मांजराशी बोलले. सासूबाईंनी सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला, पण त्यांना बोट ठेवायला जागा सापडली नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात बोलणं सुरू झालं. "भामे, इचार तिला, आज कांड्या ढिल्या का भरल्यात?" "भामाबाई, सांगावे, सूतच ओले आले आहे." "भामे, सांग, सुताला नावं ठिवू नगंस, हात चालव." मध्ये बसलेली भामा आपली पाय चाटत असायची. संध्याकाळी कट्ट्यावर पत्ते कुटणारे मामंजी हळूहळू लवकर घरी यायला लागले आणि भामेला जुन्या कुस्त्या सांगायला लागले. कुणी कुणाला कैची घातली, कुणी ढाक मारला, कुणाचा लंगोट ऐन वेळी सुटला. शेवटचं सांगताना भामेलाच दटावायचे, "हे तिला सांगू नगंस." मी चुलीपाशी तोंडात पदर कोंबून हसायची. सुताच्या पुडक्याला गुंडाळून वर्तमानपत्राचा कागद आला की मी तो भामेला मोठ्यानं वाचून दाखवायची. लढाईच्या बातम्या, सुताच्या टंचाईच्या बातम्या. माझं वाचन चाललेलं असताना मामंजींचा माग बंद असायचा. माझी समजूत अशी, की बंद पडला असेल. चौथी पास!

आता विणकराच्या घरात मांजर कशाला, ते सांगते. मागावर चढवायच्या उभ्या सुताला, म्हणजे ताण्याला, आम्ही खळ लावतो, म्हणजे पेज. सुताला पेज लावली की ते उंदरांचं ताट झालं. एका रात्रीत उंदीर ताणा असा कुरतडतात की महिन्याभराची मेहनत मातीत. त्यात ती लढाईची वर्षं. सूत रेशनवर, तेही मिळेल तेव्हा. अशा दिवसांत घरातलं मांजर म्हणजे पहारेकरी. आणि नेमका तेव्हाच आमचा पहारेकरी बिघडला.

भामा डोकं झाडायला लागली. आधी मधूनमधून, मग सारखीच. मागच्या पायानं कान इतका खाजवायची की कानामागचे केस गेले, रक्त निघालं. मान एका बाजूला वाकडी करून चालायची. उंदीर तिच्यासमोरून जायचा आणि ही बसलेली कान खाजवत. एकदा तर तो थांबून तिच्याकडे बघत राहिला.

मी निपाणीच्या अधिकारानं तिला उजेडात धरलं आणि कान उलगडून पाहिला. आत तपकिरी-काळी पूड. कोरडी, दाणेदार, कानभर. नाक जवळ नेलं तर घाण वास. मी ताबडतोब ओळखलं. तपकीर! बाबांच्या वखारीशेजारी तपकिरीचं दुकान होतं. तपकीर मला कुणी शिकवायची गरज नव्हती. वास वेगळा आला तो तपकीर खवट झाल्यामुळे, हेही मी जागच्या जागी ठरवून टाकलं. प्रश्न एवढाच उरला, मांजराच्या कानात तपकीर घातली कुणी?

आणि त्याचंही उत्तर माझ्याकडे होतं. सासूबाई रोज सकाळी धान्याच्या कणगीमागे जाऊन शिंकायच्या.

संध्याकाळी मामंजी मागावरून उठले तशी मी भामेला पुढे घेऊन बसले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "भामाबाई, आपल्या कानात तपकीर कोणी घातली ते त्यांना सांगावे. नाव घेऊ नये. नुसते माजघराकडे पाहावे."

भामेनं पाहिलं नाही, पण माजघरच बाहेर आलं. सासूबाई हातात तपकिरीची डबी घेऊन उंबऱ्यावर उभ्या. "मी माझ्या नाकाला पुरवून पुरवून ओढतीया! मांजराच्या कानात घालू व्हय गं? लढाईत तपकीर म्हाग झालीया, ठावं हाय का तुला, निपाणीवाली?"

मग त्यांच्या लक्षात आलं, आपण थोरल्या दिरासमोर बोललो. तेही तपकिरीबद्दल.

मामंजी चहूकडे बघत म्हणाले, "ही कोण बोलली?" खरं सांगते, त्यांनी इतक्या वर्षांत भावजयीचा आवाजच ऐकलेला नव्हता. सासूबाई डबीसकट आत गडप झाल्या आणि आतून तांब्याचे इतके आवाज आले की त्यातून हो की नाही काहीच समजेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताणा कुरतडलेला सापडला. मामंजींच्या मागावरचा, काळ्या चंद्रकळेचा. सासूबाईंना निमित्तच मिळालं. त्या आपल्या मुलाला म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, "शनवारच्या बाजाराला खानापूरकडची गाडी येती न्हवं? तिला पोत्यात घालून दे त्या गाडीवाल्याकडं. रानात सोडंल. तितं बसू दे म्हणावं कान खाजवत. आपुन दुसरं पिल्लू आणू."

आमच्या ह्यांनी मान हलवली. ते नेहमी हलवायचेच.

मला भामेची दया आली असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण मला दया आली ती माझी. दुसरं पिल्लू! नवं पिल्लू मोठं व्हायचं, त्यानं दोघांच्या मध्ये शांत बसायला शिकायचं, तोवर मी काय करू? पुन्हा पाल होऊ? मी मामंजींकडे पाहिलं, म्हणजे पदराच्या फटीतून. ते मागावर बसलेले. शड्डू ठोकला नव्हता. आडवं सूत फेकायचा धोटा हातात धरून नुसते बसलेले. मग भामेकडे न बघता म्हणाले, "भामे, तिला सांग... गप बसायची सवय कर म्हणावं." आवाज असा, की जत्रेतली माणसं ह्यांच्या नावानं आरोळ्या द्यायची यावर कुणाचा विश्वास बसू नये.

मी भामेला म्हणाले, "भामाबाई, सांगावे, शनिवारला अवकाश आहे."

मी आणखी जोर केला. "आणि म्हणावे, निपाणीकडे म्हशीच्या उवांवर तंबाखूचे पाणी घालतात. ते कानात ओतावे."

आता मामंजी उठले. "भामे, तिला सांग, तालमीत एका गड्यानं तंबाखूची पिंक गिळल्याली, तो सकाळी आडवा झाला तो दिवे लागताना उठला. आनि त्यो गडी म्हंजे रेडा व्हता. तू त्येच्या मुठीएवढी. निपाणीवालीला म्हणावं, तुझा तंबाखू तुझ्यापाशी ठेव." मग म्हणाले, "तपकीर न्हवं ती. माती हाय, माती. आमच्या कानात तालमीची माती गेली की वस्ताद कोमट गोडं तेल घालायचा. माती वर यायची. तेल तापव म्हणावं. बेतानं. भजी तळायची न्हाईत."

म्हणजे मी म्हणत होते तपकीर, ते म्हणत होते माती. दोघेही चूक. पण तेल बरोबर निघालं, आणि ह्याचं श्रेय मी आजवर कुणालाही घेऊ दिलेलं नाही, मामंजींनाही नाही.

शुक्रवारी परसात कुस्ती ठरली. मामंजी मांडी घालून बसले, नखांपासून बचाव म्हणून मांडीवर चंद्रकळेचा उरलेला काळा तुकडा पसरला, हातात तेलाची वाटी. मांजर धरायचं मी. अडचण एवढीच, की त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसायचं म्हणजे पदर पार छातीपर्यंत ओढायला हवा. तसा तो ओढला. मला काही दिसेना. आणि बोलायचं तर आहेच मांजराशी, जे मांजर आता दोघांच्या मध्ये वाघिणीसारखं गुरगुरत होतं.

"भामे, तिला सांग, मान धर!"

"भामाबाई, सांगावे, धरली!"

"भामे, तिला सांग, ती शेपटी हाय!"

"सांगावे, मला काही दिसत नाही!"

"तिला म्हणावं, मागनं कैची घाल. कैची! पाय आवळ!"

"भामाबाई, विचारावे, कोणाचे पाय?"

"तुझं, भामे, तुझं! माझं न्हवं! आनि सांग तिला, ती माझी मिशी हाय, सोड म्हणावं!"

मी मिशी सोडली. भामेनं मात्र त्यांचा अंगठा सोडला नाही. शेवटी मी माझ्या लुगड्याच्या पदरातच तिला गुंडाळलं, बाळंतिणीचं मूल गुंडाळतात तसं, नुसतं डोकं बाहेर. त्यामुळे माझं तोंड उघडं पडलं. मामंजींनी चटकन आभाळाकडे पाहिलं आणि आभाळाकडे बघत बघत अंदाजानं कानात तेल सोडलं. पहिली धार माझ्या कोपरावर, दुसरी भामेच्या कानात. मग कानाचं मूळ त्यांनी बोटानं चोळलं, आतून चुबुक चुबुक आवाज आला, आणि भामेनं डोकं असं झाडलं की तेल आणि ती काळी पूड मामंजींच्या मिशीपासून मांडीपर्यंत उडाली.

ते काहीतरी ओरडायला गेले आणि तसेच थांबले. मांडीवरच्या काळ्या तुकड्याकडे बघायला लागले. मग तो तुकडा उचलून त्यांनी उन्हात धरला.

काळ्या चंद्रकळेवर पांढरे ठिपके. खसखशीच्या दाण्याहून बारीक. आणि ते चालत होते.

"भामे," मामंजी म्हणाले, "तिला सांग... माती चालालीया."

मी बघितलं. आमचे हे बघायला आले. ते वाकले, त्यांनी डोळे बारीक केले आणि लग्नानंतरचं माझ्या ऐकण्यातलं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य बोलले: "आयला, चालालंय की खरंच!"

मग सासूबाई आल्या. थोरल्या दिराकडे पाठ करून, मान वाकडी करून त्यांनी तो तुकडा पाहिला. भरपूर वेळ पाहिला. आणि मग माझ्याकडे वळून हळू, गोड आवाजात म्हणाल्या, "तपकिरीला पाय फुटत्यात व्हय गं निपाणीकडं?"

हा प्रश्न त्यांनी मला पुढे किती वर्षं विचारला ते विचारू नका. बारशात विचारला. हळदीकुंकवात विचारला. माझे वडील भेटायला आले तेव्हा त्यांनाही विचारला.

पण किडे डोळ्यांनी पाहिल्यामुळे त्या जरा नरमल्या. खानापूरच्या गाडीबद्दल त्या आमच्या ह्यांना म्हणाल्या, "ह्या शनवारी ऱ्हाऊ दे. अमुशेपातुर बघू. तवाबी खाजवत बसली तर मग मला कुणी काय सांगू नगा."

मामंजींनी रोज तेल घातलं. पूड कमी झाली, मान सरळ झाली, भामेनं एक गलेलठ्ठ उंदीर आणून सासूबाईंच्या पाटावर ठेवला. मामंजींनी शड्डू ठोकला आणि गल्लीला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "पाठ लागली!"

लागली नव्हती. तेल बंद केलं आणि थोड्याच दिवसांत भामा पुन्हा डोकं झाडायला लागली. मामंजींचा चेहरा असा झाला, जणू चीत केलेला गडी उठून पाठीमागून आलाय. अमावास्या जवळ आलेली. ते तर भामेशीसुद्धा बोलेनात. मीच दिवसभर तिच्या मागे, आणि मागे असल्यामुळेच मला दिसलं. शेजारच्या चन्नव्वाचा बोका, राजा, आमच्या भिंतीवर बसून मागच्या पायानं कान खाजवत होता. पलीकडच्या घरातली दोन पिल्लंही तेच करत होती. दुपारी ही सगळी मंडळी चन्नव्वाच्या मागाच्या उबदार खड्ड्यात एकमेकांच्या अंगावर पडून झोपायची. आमची भामा त्यांच्या मधोमध.

"भामाबाई," मी म्हणाले, "त्यांना सांगावे, एकाच गड्याला धुऊन काय उपयोग? अख्खी तालीम मातीत लोळली आहे."

मामंजींनी मान वर केली. हळूहळू मिशी दोन्ही बाजूंना पसरली. "भामे," ते म्हणाले, "ही पोरगी तालमीत पायजे व्हती."

मला कुणी दिलेली ती पहिली पदवी. चौथीचा दाखला मला तेव्हापासून पुसटसाच आठवतो.

अमावास्येला आमच्याकडे माग बंद. त्या दिवशी मामंजींनी दारोदार फिरून सगळ्या गल्लीला मांजरांसकट आमच्या दारात बोलावलं. पुरुष हसायला आले, बायका बघायला आल्या, मांजरं आणली गेली म्हणून आली. कुणी टोपलीत, कुणी घागरीत, कुणी लुगड्यात गुंडाळून. मामंजी कट्ट्यावर मांडी घालून बसले, चंद्रकळेचा तुकडा पसरला आणि एकेक गडी पुकारायला लागले. छोटी पिल्लं चटाचटा झाली. म्हाताऱ्या मांजरी ओरडून झाल्या. शेवटी चन्नव्वा राजाला घेऊन आली.

राजा म्हणजे बोका नव्हे, पोत्यात भरलेलं भांडण. "बेड, पैलवान, बेड!" चन्नव्वा कानडीत सांगत होती, नको, नको म्हणून. पण गल्लीसमोर पैलवान माघार घेतो होय? मामंजींनी राजाची मान धरली. पुढचं नीट कुणीच पाहिलं नाही. एवढं खरं की क्षणात राजा त्यांच्या डोक्यावर होता, चारी पायांची नखं टोपीत, आणि भरमू पैलवान कट्ट्यावर उताणे. पाठ पूर्ण टेकलेली. गल्लीत असा काही हशा उसळला की पलीकडच्या गल्लीतली माणसं आली. मामंजी मात्र हसले नाहीत. पडल्या पडल्याच त्यांनी भामेकडे पाहिलं. हा एक बोका राहिला तर सगळं पाण्यात, हे त्यांना कळत होतं, मला कळत होतं. आणि दारात उभ्या सासूबाईंनाही.

सासूबाई उंबरा ओलांडून बाहेर आल्या. डोक्यावरून पदर, तोंड भिंतीकडे. नुसता उजवा हात लांब करून त्यांनी राजाची मानगूट पकडली, टोपीसकट उचलला आणि गुडघ्याखाली दाबून धरला. राजाला काय झालं ते समजेपर्यंत तो घडी घातलेल्या लुगड्यासारखा पडलेला. मामंजी उठून बसले, पण वाटी हातात घेऊन तसेच थिजले. भावजयीच्या इतक्या जवळ जायचं कसं?

तेव्हा सासूबाई भिंतीकडे बघत बोक्याला म्हणाल्या, "राजा, तुझ्या पैलवानाला सांग, तेल घाल म्हणावं लवकर. माझा हात भरून आलाय."

मामंजींनी तेल घातलं. दोन्ही कानांत. एक थेंब सांडला नाही. झाल्यावर घसा खाकरून ते राजाला म्हणाले, "तिला सांग, माझ्या तालमीत असा पट धरणारा गडी मी बघितला न्हाय." सासूबाईंनी पदर आणखी पुढे ओढला. पदराआड त्या हसत होत्या की शिंक दाबत होत्या, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

तेल पुढे गल्लीभर बरेच दिवस चाललं, कुणी कंटाळा केला की मामंजी त्याच्या दारात जाऊन शड्डू ठोकत. मांजरं सुधारली. उंदीर वडगावच्या दुसऱ्या गल्ल्यांत राहायला गेले. खानापूरच्या गाडीचं नाव सासूबाईंनी पुन्हा घेतलं नाही. भामा म्हातारी होईपर्यंत आमच्या दोघांच्या मध्ये बसून पाय चाटत राहिली.

लढाई संपली त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी बाळंतपणाला निपाणीला गेले. मुलीला घेऊन परतले तेव्हा मामंजी नव्हते. छातीचं दुखणं, फार पडून राहावं लागलं नाही. म्हणून मी निपाणीला निघतानाचं तेवढं मला लख्ख आठवतं.

मोटारीच्या अड्ड्यावर न्यायला टांगा दारात आलेला. आमचे हे ट्रंक चढवत होते. मामंजी कट्ट्यावर, शेजारी पटकुरावर भामा. तोवर मी घरात जुनी झालेली, पदर कपाळापर्यंतच.

"भामे, तिला सांग, मोटारीत फुडं बस म्हणावं. मागं हादरं लई बसत्यात."

"भामाबाई, सांगा, बसते पुढं. आणि म्हणावं, भर उन्हात कट्ट्यावर बसत जाऊ नका."

तेवढ्यात भामा उठली. आळस दिला, मामंजींच्या पायावरून चालत खाली उतरली आणि शेपूट वर करून चन्नव्वाच्या दारात शिरली. आम्ही दोघांनी तिला जाताना पाहिलं. मी पटकुराकडे पाहिलं, ते पटकुराकडे पाहत होते. टांगेवाला घोड्याला चुचकारत होता.

मामंजींनी घसा साफ केला. "भामे," ते रिकाम्या पटकुराला म्हणाले, "तिला सांग, पोरगी झाली तर नाव मी ठिवणार."

मी पटकुराला म्हणाले, "भामाबाई, विचारा, कुठलं?"

"सांग तिला, आली की सांगतो."

टांगा हलला. गल्लीच्या वळणावर मी मान काढून मागे पाहिलं. ते अजून पटकुराकडे वाकून, बोट उंचावून काहीतरी सांगत होते. चाकांच्या खडखडाटात मला एक अक्षर ऐकू आलं नाही. तरीही मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "भामाबाई, सांगा त्यांना, हो म्हणाली म्हणून!"